स्टॅकपोलच्या माडीवर नीतिपर व्याख्यान, गाण्यांसह

आमच्या टर्नर्स पॉइंट गावच्या प्रार्थनाघरात कोणी कुठल्या बाकावर बसायचं हे दर तीन वर्षांनी एक समिती ठरवते. माणसाचं वय, घराणं आणि मालमत्ता अशा तीन गोष्टी बघितल्या जातात. समितीचे अध्यक्ष प्रार्थनाघराचे कारभारी डीकन प्रिझर्व्ड हॅच असल्यामुळे चौथीही एक बघितली जाते, ती म्हणजे माणूस डीकनसाहेबांचा कोण लागतो. त्या मार्चमध्ये समितीने नवी यादी दारावर खिळ्यांनी ठोकली आणि एलिफलेट स्टॅकपोल चौथ्या बाकावरून नवव्यावर गेला.

नववा बाक खांबाच्या मागे आहे. तिथून पाद्रीबाबांचा डावा कोपर तेवढा दिसतो. प्रवचन ऐकू येतं, नाही असं नाही. पण दोन-दोन तास एका कोपराकडून नरकाचं वर्णन ऐकायचं म्हणजे माणसाची श्रद्धा फारच मजबूत लागते. चौथ्या बाकावर एलिफलेटच्या जागी आला टिमथी स्नेल. धंदा मेणबत्त्यांचा, नातं डीकनसाहेबांचा मेव्हणा.

"मेणबत्त्या!" एलिफलेट घरी येऊन गरजला. "तीस वर्षं मी ह्या गावाची शिडं शिवतोय. माझ्या शिडांवर ही माणसं कॉड मासे मारायला गेली आणि जिवंत परत आली. तो मी खांबामागे, आणि हा चरबी वितळवणारा पुढे?"

"हळू बोला," त्याची बायको मेहिटबेल म्हणाली. "खिडकी उघडी आहे."

"म्हणून तर मोठ्याने बोलतोय."

आता ह्यातून नाटक कसं निघालं ते सांगतो. त्याच महिन्यात न्यूयॉर्कहून हॅलिफॅक्सला निघालेलं एक गलबत वादळात सापडून, शिडांच्या चिंध्या घेऊन आमच्या बंदरात आलं. शिडं शिवायचं काम अर्थातच एलिफलेटकडे. गलबतात तीन नाटकवाले होते: मिस्टर लॅन्सलॉट डूली, मिसेस डूली आणि मिसेस डूलींचा भाऊ फिनियस, जो सारंगी वाजवायचा आणि नाटकातली सगळी दुष्ट माणसंही तोच व्हायचा. शिडं होईपर्यंत त्यांना करायला काही नव्हतं. बंदराकाठच्या एलिफलेटच्या माडीवर, जिथे तो जमिनीवर कापड पसरून शिवायचा, तिथे ते रोज येऊन बसायचे आणि आपल्या संगीत नाटकाची तालीम करायचे. नाटकाचं नाव 'पळवून नेलेला शिंपी'.

मेहिटबेल दुपारचं जेवण घेऊन माडीवर यायची. पहिल्या दिवशी भांडं ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी जरा टेकली. पाचव्या दिवशी घेवड्याच्या दाण्यांचं भांडं हातात तसंच धरून म्हणाली, "अहो, त्या शिंप्याचं पुढे काय होतं?"

"कुठल्या शिंप्याचं?"

"ह्यांच्यातल्या. तो रोज खिडकीपर्यंत येतो आणि मग ह्या बाईंना ठसका लागतो. की परत पहिल्यापासून."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मेहिटबेलने नवऱ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या होत्या. एक तांब्याची किटली, आणि दुसरी म्हणजे त्याने भर रस्त्यात डीकनसाहेबांशी वाद घालू नये. किटली तिला मिळाली होती.

"पूर्ण बघायचंय तुला?" एलिफलेटने विचारलं.

"मला काय करायचंय बघून! पण पूर्ण असेल तर बघेन."

एलिफलेटने दाभण कापडात खुपसून ठेवलं. त्याच्या डोळ्यांसमोर त्याची स्वतःची माडी आली, एकही खांब नसलेली. तिथे बाकं त्याची, आणि कोण कुठे बसणार तेही तोच ठरवणार. "होईल," तो म्हणाला. "एक संध्याकाळ. इथेच."

अडचण एकच होती, कायद्याची. आमच्या वसाहतीत एका खोलीत वीसपेक्षा जास्त माणसं जमवून नाटक करणं हा गुन्हा. वीस माणसांनी पाहिलं तर ती घरगुती करमणूक; एकविसावं माणूस आत आलं की सगळ्यांच्याच आत्म्याला धोका. त्या एकविसाव्यात एवढं काय असतं हे कायद्यात लिहिलेलं नाही. घरमालकाला दंड होतो, तो एक वेळ परवडला. पण आमच्या गावात त्यापुढची एक शिक्षा आहे. रविवारी प्रार्थनाघराच्या मधल्या वाटेत उभं राहून, सगळ्या मंडळींसमोर, स्वतःच्या तोंडाने माफी मागायची. एझ्रा पूलने एकदा रविवारी गळ टाकला म्हणून अशी माफी मागितली होती. अकरा वर्षं झाली, पण आजही त्याला लोक सोमवारी सकाळी मासळी कशी आहे ते विचारतात.

"मी तिथे उभा राहणार नाही," एलिफलेट म्हणाला. "वीस म्हणजे वीस. मोजून बोलावीन."

वीस माणसांची यादी करायला तो शनिवारी बसला. सोमवारपर्यंत यादीत त्रेचाळीस नावं होती आणि ज्यांची नव्हती ते रस्त्यात त्याच्याकडे बघत नव्हते. मग शेजारी मदतीला आले. शेजारी मदतीला आले नसते तर हे प्रकरण त्रेचाळिसावरच थांबलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिले आले कॅप्टन पेलेग ट्रिप. देवमाशांच्या शिकारीतून निवृत्त झालेले, त्यामुळे जमिनीवरच्या कुठल्याही प्रश्नाला ते किरकोळ समजतात. "नाटक म्हणायचंच नाही," ते म्हणाले. "नीतिपर व्याख्यान म्हणायचं. गुरुवारी ठेव. गुरुवार व्याख्यानाचाच वार. कोण काय बोलणार?"

"पण कॅप्टन, त्यात तो शिंपी खिडकीतून आत येतो."

"अनीतीचं उदाहरण म्हणून येतो. उदाहरणाशिवाय व्याख्यान असतं का कधी?"

पाठोपाठ विधवा सायलेन्स बर्डेट आल्या. गाव त्यांना मावशी म्हणतं आणि त्या दिसल्या की दुसरा रस्ता धरतं. मावशींनी कायदा नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "एका खोलीत वीस ना? मग खोल्या वाढव. तुझ्याकडे एवढं कापड पडलंय. दोन शिडं टांग आडवी, झाल्या तीन खोल्या. तीन वीसे साठ. मला पहिल्या खोलीत बसव, मला ह्या कानाने ऐकू येत नाही."

तीस वर्षं शिडं शिवून त्यांच्या भिंती होतात हे त्याला सुचलं नव्हतं. त्याने लगेच तुळईला दोन मोठी शिडं टांगली आणि माडीचे लांबोळके तीन कप्पे केले, गुरांच्या गोठ्यात असतात तसे. तिन्ही कप्प्यांची तोंडं टोकाला एका ओट्याकडे उघडत होती. तिथे नाटक. आता हे नाटक तीन स्वतंत्र खोल्यांत, प्रत्येकी वीस माणसांपुढे, योगायोगाने एकाच वेळी होणार होतं.

राहिला गावचा परवाना. तो देणारे कारकून अबायजा टकर ह्यांनी चष्मा लावला, कागद सरळ केला आणि विचारलं, "व्याख्यानाचा विषय?"

"लग्न," एलिफलेट म्हणाला.

"बाजूने की विरुद्ध?"

एलिफलेटने बरोबर आलेल्या मिस्टर डूलीकडे पाहिलं. डूली म्हणाला, "पहिल्या अंकात विरुद्ध, साहेब. शेवटी बाजूने."

"अंक?"

"भाग. भाग म्हणायचं होतं."

"व्याख्याते किती?"

"तीन."

"एकाच विषयावर तीन?"

"त्यांच्यात मतभेद आहेत," एलिफलेट म्हणाला.

टकरसाहेबांनी ते लिहून घेतलं. "आणि ही गाणी कशाला?"

"श्रोत्यांना झोप लागू नये म्हणून."

ह्यावर मात्र टकरसाहेबांनी चष्मा काढला. ते सहाव्या बाकावर बसतात आणि कायम झोपतात, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. "हा खरा प्रश्न आहे," ते गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी सही केली. सहीखाली एक ओळ घातली: सूर्यास्तानंतर मेणबत्त्या लावायच्या असल्यास पाण्याने भरलेल्या चामड्याच्या बारा बादल्या हाताशी असाव्यात.

बादल्या बारा घरांतून मागून आणल्या. बारा घरांनी बादलीबरोबर एकेक सल्ला दिला आणि जागा मागितली. मेणबत्त्या मात्र गावात एकाच माणसाकडे मिळतात. एलिफलेट टिमथी स्नेलच्या दारात गेला, समोरच्या माणसाच्या टोपीकडे बघत चाळीस मेणबत्त्या मागितल्या आणि त्याला एक निमंत्रणही द्यावं लागलं. घरी येऊन त्याने स्वतःला कबूल केलं की ह्या आठवड्यात आपण जितकं खोटं बोललो तितकं गेल्या पन्नास वर्षांत बोललो नव्हतो, आणि नाटक अजून सुरूही झालेलं नाही.

"सोडून द्या हवं तर," मेहिटबेल म्हणाली. "शिंप्याचं काय व्हायचं ते होईल."

"आता सोडायचं नाही," तो म्हणाला. "आणि एक सांगून ठेवतो. माझ्या माडीवर यादी नाही, समिती नाही. जो आधी येईल तो पुढे बसेल."

असली गोष्ट आमच्या गावात पूर्वी कधी घडली नव्हती. लोकांना आधी ती कळेचना. "म्हणजे मी कितव्या बाकावर?" असं विचारायला माणसं तीन दिवस येत होती, आणि "लवकर या" हे उत्तर ऐकून चिंतातुर होऊन परत जात होती. गुरुवारी सहाला नाटक. दुपारी एक वाजता माडीच्या जिन्यावर रांग लागली. सगळ्यात पुढे होता जेडेडाया मॉब्स, गावची मोकाट डुकरं आवरायला नेमलेला माणूस. प्रार्थनाघरात तो जिन्याच्या पायरीवर बसतो. तो त्या दिवशी मधल्या कप्प्यात पहिल्या बाकावर बसला, इकडे-तिकडे पाहिलं आणि कोणी उठवत नाही म्हटल्यावर टोपी मांडीवर ठेवून रडायलाच लागला.

बाया एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, अशी आमची पद्धत आहे, आणि ती कोणी सांगायच्या आतच पाळली गेली. पायाशी ठेवायच्या निखाऱ्यांच्या पेट्या आल्या, मक्याच्या पावाची गाठोडी आली, सफरचंदाच्या सायडरचे घडे आले. प्रत्येक कप्प्यात बरोबर वीस माणसं बसवून एलिफलेटने दार लावून घेतलं. टिमथी स्नेल साडेपाचला, चौथ्या बाकाच्या सवयीने आरामात आला होता. त्याला तिसऱ्या कप्प्यातली शेवटची जागा मिळाली. तिथून ओट्यावरचं काय दिसत होतं ते एलिफलेटने आधीच जाऊन बघून ठेवलं होतं. मिस्टर डूलीचा डावा कोपर दिसत होता.

सहा वाजता डूली ओट्यावर आला आणि वाकून म्हणाला, "सभ्य स्त्री-पुरुषहो!" साठच्या साठ माणसं उभी राहिली आणि त्यांनी डोळे मिटले. डूलीला वाटलं, न्यूयॉर्कमध्ये आपला असा मान कधी झाला नाही. त्याने दहा मिनिटं प्रस्तावना केली. ती संपल्यावर सगळे "आमेन" म्हणून खाली बसले, आणि निम्म्यांनी खिशातून कागद-पेन्सिली काढल्या.

कारण प्रवचन म्हटलं की आमच्याकडे टिपणं घेतात. रात्री घरच्यांना मुद्दे सांगावे लागतात. बाहेर पाटीवर व्याख्यान लिहिलेलं. लोक आपले इमानाने लिहू लागले. शिंप्याचं सोंग घेतलेला डूली खिडकीच्या चौकटीतून आत आला, तसा दुसऱ्या बाकावरचा म्हातारा होबार्ट शेजाऱ्याला कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "मुद्दा पहिला: खिडकीतून येतो. आधाराचं वचन कुठलं सांगितलं त्याने? निसटलं माझं."

"सांगितलं नाही."

"पुढे सांगेल. जागा सोडून ठेव."

मिसेस डूली कोपऱ्यात लपल्या होत्या. एका वृद्ध वकिलाशी त्यांचं लग्न ठरलं होतं आणि वकील फिनियस होता, एका हातात सारंगी धरलेला. त्या शिंप्याला म्हणाल्या, "माझं माप घेण्याआधी माझ्या मनाचं माप घे!" कोणी हसलं नाही. तीस पेन्सिलींची खरखर तेवढी ऐकू आली. डूली ओट्यामागे येऊन एलिफलेटच्या कानाशी लागला, "हे लोक हसत का नाहीत?"

"लक्ष देऊन ऐकताहेत ते!" एलिफलेट फणकारला. त्यालाही आतून धसका बसला होता, पण पाहुण्यासमोर आपलं गाव हिणवून घ्यायला तो तयार नव्हता.

मग पहिलं गाणं आलं. आमच्या प्रार्थनाघरात स्तोत्रांची पुस्तकं पुरेशी नाहीत. त्यामुळे डीकन एक ओळ म्हणतात, थांबतात, आणि सगळी मंडळी ती ओळ ओढून ओढून परत म्हणतात. कोणी लवकर संपवतं, कोणी उशिरा, कोणी मधेच श्वास घेतं. जन्मल्यापासून आम्हाला गाणं म्हणजे एवढंच ठाऊक. मिसेस डूलींनी लाडिक आवाजात पहिली ओळ गायली, "ये रे माझ्या शिंपीराजा, सुई घेऊन ये!" आणि श्वास घ्यायला थांबल्या.

साठ माणसांनी छाती भरून ती ओळ परत केली. अत्यंत सावकाश. तळमजल्यावर बांधलेला घोडा खिंकाळला.

मिसेस डूलींचा हात हवेत तसाच राहिला. फिनियसची सारंगी थांबली. बाईंनी भीत भीत दुसरी ओळ म्हटली, "बाबा माझे झोपी गेले, दार उघडं ठेव." मंडळींनी तीही परत केली, पुरुष खर्जात, बाया वरून, आणि सायलेन्स मावशी सगळ्यांच्या नंतर एकट्या. तीन मिनिटांचं गाणं पंचवीस मिनिटं चाललं. पण चौथ्या कडव्याला काहीतरी झालं. "वकिलाच्या टोपाखाली टक्कल आहे गे" ही ओळ स्वतःच्या तोंडाने, इतक्या हळू आणि इतक्या मोठ्याने म्हणताना तिचा अर्थ लोकांच्या डोक्यात शिरला. पहिल्यांदा जेडेडाया हसला. मग होबार्ट. मग हसणं एका कप्प्यातून दुसऱ्यात, शिडाखालून तिसऱ्यात गेलं. होबार्टने पेन्सिल खिशात ठेवून दिली. बायांच्या बाकावर मेहिटबेल तोंडाला एप्रन लावून हलत होती, आणि ते बघून एलिफलेटचे डोळे भरून आले.

टिमथी स्नेल हसला नाही. एका कोपराकडे बघून कोण हसणार? त्यातच वरची एक मेणबत्ती, त्याचीच, गळायला लागली आणि तिचा ऊन थेंब कॅप्टन ट्रिपांच्या टकलावर पडला. कॅप्टननी "आग!" अशी आरोळी ठोकून हाताशी होती ती बादली फेकली. ती शिडावरून पलीकडे गेली आणि आख्खी स्नेलवर रिकामी झाली. स्नेल उठला आणि पाणी गाळत जिना उतरून गेला.

"कुठे गेला तो?" मेहिटबेलने विचारलं.

"वाळायला," एलिफलेट म्हणाला. पण तो कुठे गेला हे त्याला नीट ठाऊक होतं.

पहिला अंक संपता संपता दारावर काठी वाजली. डीकन प्रिझर्व्ड हॅच आत आले, मागे कॉन्स्टेबल बार्झिलाय क्रॉकर कंदील घेऊन, त्याच्यामागे ओला स्नेल. डीकनसाहेब सरळ मधल्या कप्प्यातून चालत पुढे आले आणि ओट्यासमोर उभे राहिले. मिसेस डूली खिडकीच्या चौकटीत अडकल्यासारख्या थांबल्या.

"मोज," डीकनसाहेब कॉन्स्टेबलला म्हणाले.

क्रॉकरने मोजलं. डाव्या खोलीत वीस. मधल्या खोलीत वीस, डीकनसाहेब सोडून. उजव्या खोलीत तेवीस.

"तेवीस कसे?" एलिफलेट ओरडला. "तिथे वीस होते! एक तर तुमच्यामागे येऊन उभा आहे!"

दार उघडं राहिल्यावर, जागा न मिळाल्याने जिन्यावर थांबलेले चार जण आत शिरले होते. कॅप्टन ट्रिपांनी प्रसंग ओळखला. क्रॉकरची पाठ फिरताच त्यांनी तिघांना मानगुटीला धरून शिडाखालून मधल्या कप्प्यात खेचलं. क्रॉकरने परत मोजलं: उजवीकडे वीस, मधे तेवीस. मावशींनी मधल्यातल्या तिघांना डावीकडे ओढलं. क्रॉकर बिचारा कंदील घेऊन तीन फेऱ्या फिरला, आणि प्रत्येक फेरीत ते तीन जण त्याच्या पुढच्या खोलीत होते. चौथ्या फेरीला तिघांपैकी जाड होता तो शिडात अडकला, त्याने जोर लावला, आणि शीड खाली आलं. एक आलं तसं दुसरंही आलं.

गाठ सुटली नव्हती. हे एलिफलेट आजही छातीवर हात ठेवून सांगतो. गाठ होती तशीच होती. तुळईतले आकडे उपटून आले आणि आकडे लोहाराने बसवले होते. पण त्या घटकेला ते कोण ऐकून घेणार? कापडाखालून माणसं एकेक करून डोकी बाहेर काढत होती, आणि जी माडी आतापर्यंत तीन खोल्या होती ती आता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एक मोठी खोली होती. खोलीत त्रेसष्ट माणसं.

डीकनसाहेबांनी एलिफलेटला हाताने जवळ बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना भांडण नको असतं, फक्त सगळं त्यांच्या मनासारखं व्हायला हवं असतं.

"एलिफलेट," ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाहेर पाटीवर व्याख्यान लिहिलंयस ना?"

"हो."

"परवान्यात पण तेच आहे?"

"हो."

"मग व्याख्यानच होतं ते. क्रॉकर तसं लिहील. व्याख्यानाला माणसांची मोजदाद नाही. तू तेवढं सगळ्यांसमोर सांग आणि मंडळींना घरी पाठव. उरलेलं करू नकोस, म्हणजे झालं." मग त्यांनी आवाज आणखी उतरवला. "बाकांच्या यादीत एखादी चूक राहून गेली असेल. समिती परत बसू शकते. चौथा नाही जमला तरी पाचवा."

पाचवा बाक खांबाच्या पुढे आहे. तिथून पाद्रीबाबांचा चेहरा दिसतो, दोन्ही कोपरांसकट. आणि सांगायचं काय होतं, तर तो गेला आठवडा गावभर सांगत फिरला होता तेच. फक्त आणखी एकदा. त्याने खोलीकडे पाहिलं. जेडेडाया टोपी घट्ट धरून बसला होता. उठायला सांगतील म्हणून त्याने एक पाय आधीच बाकाबाहेर काढला होता. मेहिटबेल एप्रनच्या टोकाने गालावरचं हसण्याचं पाणी पुसत होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. तिने हळूच आपली शाल आवरायला घेतली होती, कारण पूर्ण बघायला मिळणार नाही हे तिने गृहीतच धरलं होतं. ते बघितलं आणि एलिफलेटच्या डोक्यात सणक गेली.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"व्याख्यान नाही!" तो इतक्या जोराने म्हणाला की मावशींना त्या कानानेसुद्धा ऐकू आलं. "नाटक आहे. गाण्यांचं नाटक. ह्यात एक शिंपी आहे, तो खिडकीतून आत येतो, आणि तो अनीतीचं उदाहरण म्हणून येत नाही, त्या पोरीवर जीव जडलाय म्हणून येतो. मी खोटी पाटी लावली, ह्याची लाज वाटते मला. नाटकाची नाही वाटत. लिही, क्रॉकर. स्टॅकपोलच्या माडीवर नाटक झालं, माणसं त्रेसष्ट."

क्रॉकरने कागद काढला आणि ओट्याकडे पाहत थांबला. "डीकनसाहेब," तो म्हणाला, "झालं कुठे अजून? निम्मंच झालंय. निम्मा गुन्हा मी लिहू कसा?"

"एवढं पुरे आहे!"

"तसं नाही साहेब. उद्या न्यायाधीश विचारतील, त्या शिंप्याचं पुढे काय झालं. मी काय सांगू?" आणि कंदील विझवून तो जेडेडायाच्या शेजारी, पहिल्या बाकावर, सरकून बसला.

कोणी हललं नाही. जेडेडायाने बाकाबाहेरचा पाय आत घेतला. मेहिटबेलने शाल परत खांद्यावर टाकली आणि आता मात्र ती नवऱ्याकडे बघत होती. एलिफलेट बायांच्या अंगाला गेला, भर मंडळींत, आणि तिच्या बाकावर तिच्याजवळ बसला. मावशी "अगं बाई!" म्हणून सरकल्या.

डीकनसाहेबांचा चेहरा लाल झाला. ओट्यासमोर उभ्या उभ्या त्यांनी काठी आपटली. "एलिफलेट स्टॅकपोल! रविवारी मधल्या वाटेत उभं राहावं लागेल तुला. सगळ्या मंडळींसमोर. आहे लक्षात?"

"आहे. राहीन उभा," एलिफलेट बसल्या जागेवरून म्हणाला. "माफी मागतो की नाही ते तेव्हा बघा. पण आत्ता तुम्ही जरा बाजूला व्हा, डीकनसाहेब. मागच्यांना दिसत नाहीये."

डीकनसाहेबांनी वळून मागे पाहिलं. साठ-बासष्ट माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी माना वाकड्या करून ओट्याकडे बघत होती. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि मग बाजूला झाले.